डोणीच्या काठावरची वाकडी खाच

मित्रांनो, मी एक जुनी दगडी डोण आहे, मेंढरांना पाणी पाजायची. सोलापूरकडच्या एका माळावर, नऊ घरांच्या वस्तीत मी राहते. वर वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. उगवतीला तरवडाची झुडपं, मावळतीला दोन महिने वाहणारा ओढा. बाकी सगळं गवत आणि वारा. एवढाच आमचा भूगोल.

इतिहासही लहानच आहे. सत्तर वर्षांपूर्वी कोंडीबा धनगर कळप घेऊन इथून चालला होता. एक मेंढी इथंच व्यायली आणि जागची हलेना. कोंडीबा थांबला तो कायमचाच. त्याने विहीर खणली. तिच्या तळातून निघालेल्या मोठ्या दगडाची डोण कोरली. तीच मी.

वस्तीचा एक रिवाज आहे. नवी सून घरात पाऊल टाकण्याआधी माझ्यात एक घागर पाणी ओतते आणि नवरा छिन्नीने माझ्या काठावर खाच पाडतो. पहिली खाच कोंडीबाने आपल्या मथुराबाईसाठी पाडली. त्यांचा मुलगा बिरप्पा माझाच काठ धरून उभं राहायला शिकला. त्याच्या लग्नात छिन्नी घसरली आणि खाच वाकडी गेली. नवी नवरी केराबाई पदराआडून म्हणाली, "दगड कोरताय का मेंढी कातरताय?" सगळी वस्ती हसली. पुढं चाळीस वर्षं मला भरताना ती त्या खाचेवरून बोट फिरवायची आणि बिरप्पाला चिडवायची.

गेल्या पावसाळ्यात केराबाई गेली. उन्हाळ्यात विहीर आटली. मेंढरं माझा कोरडा तळ चाटून परत फिरू लागली. बिरप्पाचा मुलगा कुमार म्हणाला, "आबा, मेंढरं इकू. कुंभारी गावात खोली बघू." बिरप्पा उठून मेंढरांच्या वाडग्याकडे गेला.

अशात नळयोजनेच्या सुकन्या मॅडम पाहणीला आल्या.

"किती जण राहता?"

"चारशे एकोणीस," बिरप्पा म्हणाला.

मॅडमनी नऊ घरांकडे पाहिलं. "एवढे सगळे झोपता कुठं?"

"लई जण वाडग्यात."

कुमारची बायको वैजयंती ओरडली, "मामा, त्यांनी माणसं इचारली, मेंढरं न्हाय!"

"मेंढरास्नी तहान लागत न्हाय व्हय? बरं, एकोणचाळीस लिवा."

"अडतीस, मामा," वैजयंती हळूच म्हणाली.

बिरप्पाने माझ्या काठावर हात ठेवला. "व्हय. अडतीस."

मॅडम म्हणाल्या, "वस्ती जुनी असल्याचा पुरावा लागेल. त्याशिवाय नळ मंजूर होणार नाही. काही कागद आहे?"

"कागद न्हाय. ही डोण हाय की."

त्याने एकेक खाच दाखवत नावं सांगितली. मथुराबाईपासून वैजयंतीपर्यंत सोळा सुना. मॅडम माझ्याजवळ मातीतच बसल्या.

"ही वाकडी कुणाची?"

"आमच्या मंडळींची. पाडली म्या, आन बोलणी खाल्ली जल्मभर."

मॅडम हसल्या. त्यांनी प्रत्येक खाचेचा फोटो काढला, नावं लिहून घेतली, पंचनामा केला आणि नऊ घरांच्या सह्या घेतल्या.

तीन महिन्यांनी नळाला पाणी आलं. त्या दिवशी मॅडमही आल्या. पहिली घागर भरून कुमार घराकडे निघाला, तर बिरप्पाने त्याला अडवलं. "आदी डोण!" घागर त्याने मॅडमच्या हातात दिली. त्यांनी ती माझ्यात ओतली. किती दिवसांनी माझा तळ गार झाला! बिरप्पाने छिन्नी काढली.

"अहो बाबा, मी काय तुमची सून आहे?"

"सून न्हाय. लेक. लेकीची खाच न्हवती अजून."

छिन्नी घसरली. सतरावी खाचही वाकडी गेली.

"मामा," वैजयंती म्हणाली, "दगड कोरताय का मेंढी कातरताय?"

वस्ती पोट धरून हसली. सगळ्यांत जास्त हसला बिरप्पा. डोळे पुसत त्याने जुन्या वाकड्या खाचेवरून बोट फिरवलं आणि मेंढरांना हाळी दिली.

मित्रांनो, तुमच्याही गावात माझ्यासारखा एखादा दगड पडून असेल. तो फोडण्याआधी त्याच्यावरून एकदा हात फिरवा. कुणाची तरी खाच बोटाला लागेल.