वृक्कविकार

इस्पितळाच्या वेबसाइटवर साडेतीनशे पानं होती आणि माणसाला हवं ते एकही धड सापडत नव्हतं. ती नव्याने मांडायचं काम डिझायनरबाईंकडे आलं, तेव्हा त्यांनी एकच हट्ट धरला. प्रत्येक पानाचं नाव चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठ्या रुग्णांच्या नातेवाइकांपुढे ठेवायच्या आणि कुठली कुठल्या गठ्ठ्यात जाते ते त्यांनाच ठरवू द्यायचं. मग कच्चा आराखडा करून पाच जणांना त्यात वाट शोधायला लावायची. घाईत आलेल्या माणसाला कुणाचे पाय न धरता आपलं पान मिळावं, एवढंच त्यांचं म्हणणं.

संचालकांनी चिठ्ठ्या घेतल्या आणि विभागप्रमुखांच्या बैठकीत वाटल्या. "हेही इस्पितळ वापरतातच की," ते म्हणाले.

पुढे जो तमाशा झाला तो बघून बाईंना शिसारी आली. अकरा शिकलीसवरली माणसं बिस्किटं खात आपापल्या विभागाची चिठ्ठी वर सरकवत होती. एकाने तर शेजाऱ्याची चिठ्ठी बशीखाली दडपली. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी 'डायलिसिस' ही चिठ्ठी मेलेल्या झुरळासारखी दोन बोटांत धरून बाजूला केली. "हा विभाग नाही. विभागाचं नाव वृक्कविकार. डायलिसिस त्याच्या पोटात." सगळ्यांत वर कोण, यावर तासभर जुंपली. शेवटी तिथे सर्वानुमते 'संचालकांचे मनोगत' बसलं.

बाईंनी चाचणीचा धोशा सोडला नाही. "पाच कशाला? एक आणा," संचालक वैतागून म्हणाले.

आराखडा तयार झाल्यावर बाईंनी आपल्या काकांना संचालकांपुढे आणून बसवलं. काकू आठवड्यातून तीनदा इथे डायलिसिसला यायच्या आणि बदललेली वेळ काकांना वेबसाइटवरच बघावी लागायची. काकांचा जन्म टपालखात्यात पत्रं लावण्यात गेला होता. त्यांनी चुकीच्या खणात टाकलेलं एकही पाकीट कुणी दाखवू शकलं नसतं.

"काका, उद्याची डायलिसिसची वेळ शोधा."

काकांनी मनोगत ओलांडलं, 'सेवा' उघडलं, 'उपचार' उघडलं, मागे आले. 'वृक्कविकार'वरून त्यांचं बोट दोनदा गेलं. मदत करायची नाही, हा चाचणीचा नियम.

"हे झाडांचं इथे कशाला ठेवलंय?" काकांनी विचारलं. मग ओशाळून हसले. "पण पोरी, तू केलंयस म्हणजे बरोबरच असणार. माझंच चुकतंय. हल्ली डोकं चालत नाही."

संचालक लिपिकाकडे वळले. "लिहा. वापरकर्त्याने चूक मान्य केली. चाचणी यशस्वी."

काकांनी उठून, वेळ घेतल्याबद्दल त्यांची माफी मागितली. संचालकांनी ती मोठ्या मनाने स्वीकारलीही. बाईंना संचालकांची आणि त्यांच्या विभागप्रमुखांची किळस आली, आणि तीन महिने त्यांना 'सर, सर' करणाऱ्या स्वतःची त्याहून जास्त.

कागद सहीला पुढे आला. बाईंनी 'वापरकर्त्याने' खोडून 'आम्ही' लिहिलं आणि सही केली.

संचालकांनी वाचलं आणि लिपिकाला म्हणाले, "दुसरा कागद घ्या."