पोटातल्याच्या नावाची सव्वा मूठ

"हालचाल मंदावली असं वाटलं की कोणाला विचारत बसायचं नाही. काही खाऊन डाव्या कुशीवर पडायचं, पोटावर हात ठेवायचा. तरी शांतच असेल तर उठून थेट इकडे यायचं. सणवार बघायचा नाही. दे बरं वचन."

देवपूरच्या दवाखान्यातल्या लताबाई नर्सनी हात पुढे केला होता आणि मयुरीनं हसत हसत त्यावर हात ठेवला होता. नववा महिना लागला होता. पाय सुजणार, झोप उडणार, पोट मधूनच दगडासारखं होऊन पुन्हा सैल पडणार, हे सगळं चालायचंच म्हणून लताबाईंनी सांगून ठेवलं होतं. आणि हेही, की जागा कमी पडते म्हणून शेवटी बाळ गप्प बसतं असं चार बायका सांगतील, ते मनावर घ्यायचं नाही. जागा कमी पडली तरी ते ढुशा देतंच.

ढुशा तर ते असं देई, की मयुरीला रोज सकाळी त्याची वाट पाहायची सवय लागली होती. आंघोळ करून ती देवापुढे बसे, घंटा वाजवी, आणि घंटेसरशी ते उजव्या बाजूला वळे. जणू तेही हात जोडायला उठलं आहे. शनिवारी ते जरा सुस्तावल्यासारखं वाटलं. रविवारी सकाळी घंटा वाजली आणि आत काहीच हललं नाही. तिनं पुन्हा वाजवली. मग गूळ खाल्ला, कुशीवर पडली, वाट पाहिली. काही नाही.

तो रविवार कानबाई देवीचा होता. श्रावणात नारळाला डोळे काढून, नथ घालून कानबाई बसवायची, तिच्यापुढे गव्हाचे रोट तळून ठेवायचे आणि सोमवारी सकाळी तिला डोक्यावर घेऊन पांझरा नदीला पोचवायची. तेवढ्यात घरात कोणी बाळंत झालं तर सोयर. मग कानबाई झाकायची, रोट गाईला घालायचे. मागच्या वर्षी चुलत घरातली सून ऐन रविवारी बाळंत झाली आणि त्या घरची कानबाई बसलीच नाही. सासूबाई, सुनंदाबाई, हे वर्षभर चघळत होत्या. सुनेला दोन दिवस कळ काढता आली नाही, असं त्या चारचौघींत म्हणत आणि म्हणताना मयुरीच्या पोटाकडे बघत.

मयुरीनं त्यांना सांगितलं तेव्हा त्या परातीत पीठ चाळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"काही व्हत नही. पोऱ्या जपेल शे पोटमा."

बाळ झोपलं तरी एवढा वेळ झोपत नाही, लताबाईंनी तसं बजावलं आहे, असं ती म्हणाली. त्यावर थोरली जाऊ, ज्योती, चुलीपाशी हसली. आमच्या वेळी पोटातल्या पोराची हजेरी घ्यायची पद्धत नव्हती बाई, असं तिनं ऐकवलं. दोघी शेजारणीही हसल्या.

"आज दवाखाना म्हंजे आज सोयर," सुनंदाबाई म्हणाल्या. "त्या पोट फाडतीन नि मोकळ्या व्हतीन. भाऊबंदस्ले काय सांगू मी? कानबाई उठू दे, मंग जाऊत."

नवरा, जितेंद्र, दारात उसाचा मांडव बांधत होता. त्यानं सुतळीची गाठ आवळून घेतली, मग म्हणाला की आईला दुखवू नको, एका रात्रीचा तर प्रश्न आहे, उजाडताच गाडी काढतो. लताबाईंना विचारायला तिनं निदान फोन तरी मागितला. तो स्पीकरला लावला होता, त्यावर कानबाईची गाणी चालू होती. मध्येच बंद केला तर बरं दिसणार नाही, असं तो म्हणाला.

दुपारी तिला रोटाच्या पिठाशी बसवलं. बसून राहिलीस की नको ते सुचतं, हात चालू ठेव, असा सासूबाईंचा हुकूम. या घरात रोटासाठी प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घालायची रीत होती. गहू निवडताना सुनंदाबाईंनी पोटातल्याच्या नावानंही सव्वा मूठ घातली होती. पोट पुढून टोकदार आहे, नातूच येणार, असं सगळ्या गल्लीला सांगून. त्याचं पीठ वेगळं दळलं, वेगळं मळलं. तो लहानसा गोळा थोरल्या गोळ्यांच्या शेजारी ओल्या फडक्याखाली ठेवला होता. दिवसभर मयुरीची नजर फिरून फिरून त्यावर जात होती. नाव घातलं आहे, म्हणजे ते आहे, असं ती स्वतःला सांगत होती.

उन्हं कलली तेव्हा तेल तापलं. सुनंदाबाईंनी फडकं उचललं. सासऱ्यांचा गोळा घेतला, थोरल्या लेकाचा घेतला, जितेंद्रचा घेतला. लहान गोळ्यापाशी त्यांचा हात थांबला. त्यांनी मयुरीच्या पोटाकडे पाहिलं, जरा वेळ पाहिलं. मग तो गोळा उचलून जितेंद्रच्या गोळ्यात दाबला आणि दोन्ही एकत्र मळून टाकले.

"ऱ्हाऊ दे," त्या हळूच ज्योतीला म्हणाल्या. "नसलेल्याना नावना रोट कानबाईले चालत नही."

ज्योतीनं झारा खाली ठेवला, पुन्हा उचलला.

मयुरीच्या हाताला पीठ तसंच राहिलं. म्हणजे यांना सकाळीच पटलं होतं. झोपलं आहे, झोपलं आहे म्हणत होत्या आणि आत हिशेब वेगळाच होता. जिवंत असेल तर सोयर पडेल, नसेल तर घाई कशाला.

ती भिंतीला धरून उठली. हात धुतले. देवघरासमोर कानबाई बसली होती. नारळावरचे काजळाचे डोळे, नाकात भली मोठी नथ. मयुरीनं वाकून नमस्कार करायचा प्रयत्न केला, वाकता येईना, तशी उभ्यानंच हात जोडले. हीही बाईच आहे, तिच्या मनात आलं. सुनेला थांबवून ठेवा, असं या कानबाईनं काही कोणाला सांगितलं नव्हतं.

पुढच्या खोलीत बायकांनी गाणं धरलं होतं. ती दाराशी पोचली तसा ज्योतीचा आवाज आला, बाहेर चाललीच आहेस तर कळशी भरून आण. मयुरीनं कळशी घेतली. मांडवाखालून गेली. जितेंद्र शिडीवर होता, त्यानं एकदा खाली पाहिलं आणि पुन्हा गाठ मारायला लागला.

नळापाशी तिनं कळशी उपडी ठेवली. मग एक हात कमरेवर, एक पोटावर ठेवून ती दवाखान्याच्या रस्त्याला लागली, सावकाश, वाटेत कोणी विचारलं तर काय सांगायचं याचा विचार न करता.