गवतमाशाचा रंग

अण्णा दोनदा गॅस चालू ठेवून झोपले, तेव्हा घरात विषय निघाला. तिसऱ्यांदा सूनबाई विसरल्या होत्या, पण तोवर विषय बराच पुढे गेला होता.

अण्णांनी छत्तीस वर्षं किनाऱ्यावरच्या मत्स्य संशोधन केंद्रात काचेच्या टाक्या सांभाळल्या. निवृत्त होताना लोक घड्याळ घेऊन येतात. ते दोन गवतमासे घेऊन आले. बोटाएवढा, उथळ पाण्यातल्या शेवाळात राहणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा हा मासा. पाहुणे विचारत, "टाकी रिकामीच का ठेवलीय?" आणि अण्णा खूश होत.

चिरंजीव बावन्न वर्षांचे, नोंदणी कार्यालयात मोठे कारकून. एका रकान्यात एकच उत्तर, यात त्यांची हयात गेलेली. अण्णांची स्मरणशक्ती तपासणाऱ्या डॉक्टरांना त्यांनीच सुचवलं, "तारीख-वार मलाही आठवत नाहीत. त्यांना माशाबद्दल विचारा. तिथे चुकले, तर मग संपलंच."

डॉक्टरांनी तासाभरात तीनदा विचारलं, "आजोबा, तुमच्या माशाचा रंग कोणता?"

पहिल्यांदा अण्णा म्हणाले, "हिरवा." दुसऱ्यांदा, "तपकिरी." तिसऱ्यांदा, "लालसर. म्हणजे कसं आहे डॉक्टर, तो..."

"फक्त रंग सांगा."

"मग लालसर."

डॉक्टरांनी चिरंजीवांकडे पाहिलं. चिरंजीवांनी खाली पाहिलं आणि दाखवलं तिथे सही केली. वृद्धाश्रमात खाट मिळाली, तीही खिडकीजवळची, म्हणून घरच्यांनी समाधान मानलं. निघताना अण्णा एवढंच म्हणाले, "टाकीतलं शेवाळ कुजत आलंय. तेवढं बदल रे बाबा."

चिरंजीवांनी बदललं. हिरवं मिळालं नाही, तांबडं मिळालं. दहा-बारा दिवसांनी पाहतात तर मासे गायब. मेले असतील म्हणून जाळी फिरवली, तर जाळीत दोन तांबडे मासे वळवळत होते.

त्यांनी केंद्रात फोन लावला. पलीकडच्या बाई हसल्या. "ज्या शेवाळात राहतो, त्याचा रंग घेतो तो. अण्णांनीच तर आम्हाला शिकवलं. तुम्हाला कधी सांगितलं नाही?"

सांगितलं असणार. जेवताना ते रोज काहीतरी सांगायचेच.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून चिरंजीवांनी आश्रमात फेरीला आलेल्या त्याच डॉक्टरांना गाठलं. "डॉक्टर, अण्णांची तिन्ही उत्तरं बरोबर होती. तो मासा हिरवाही असतो, तपकिरीही, लालही."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. "तुमचं वय काय म्हणालात?" मग म्हणाले, "ठीक आहे. पुन्हा चाचणी घेऊ."

अण्णा खाटेवर ताठ बसले. आता केस विंचरलेले, सदऱ्याची सगळी बटणं लावलेली.

"आजोबा, माशाचा रंग?"

"हिरवा."

थोड्या वेळानं पुन्हा, "हिरवा."

तिसऱ्यांदा अण्णा अजिजीनं हसले. "हिरवाच की, डॉक्टर. दुसरा कोणता असणार?"

माशाबद्दल अण्णा खोटं बोलताना चिरंजीव पहिल्यांदाच ऐकत होते. ते म्हणाले, "डॉक्टर, हे उत्तर चूक आहे."

डॉक्टर लिहीत होते. "उलट, छान सुधारणा आहे. इथलं वातावरण मानवलंय त्यांना. आणखी सहा महिने राहू द्या."

डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले. अण्णांनी चिरंजीवांची बाही हळूच ओढली आणि कुजबुजले, "या खेपेला एकच सांगितला. आता नेशील ना घरी?"