नखभर झिजलेला पाय

मित्रांनो, मी एक जुनी घोडी आहे. दचकू नका. मला शेपूट नाही आणि मी चारा खात नाही. वेळूच्या दोन उंच काठ्या वरच्या टोकाला एकत्र बांधलेल्या, खाली फाकवलेल्या, मध्ये एक आडवी पट्टी आणि वरच्या गाठीतून लोंबणाऱ्या दोरीला एक दगड, एवढीच मी. शेतात पाणी अडवायला शिकवणाऱ्या शिबिरांत माझ्यासारखीला ‘ए-फ्रेम’ म्हणत. आमच्या घाटंजीकडच्या लोकांनी ‘घोडी’ म्हटलं आणि तेच नाव राहिलं.

उतारावर एकाच पातळीतली रेषा शोधून देणं हे माझं काम. दगडाची दोरी पट्टीवरच्या मधल्या खुणेवर स्थिरावली, की समजायचं माझे दोन्ही पाय सारख्या उंचीवर आहेत. तिथे खुंटी ठोकायची आणि मला पुढे ठेवायचं. त्या खुंट्यांच्या रेषेवर चर खणला, की उतारावरून धावत येणारं पाणी चरात सगळीकडे सारखं थांबतं आणि जमिनीत मुरतं.

मला उकंडानं बनवलं. दोन हजार चार सालच्या उन्हाळ्यात. तो आणि त्याची बायको कांताबाई यांचं तीन एकर बरड रान टेकडीच्या उतारावर होतं. ती वर्षं कापसाची फार कठीण होती. आमच्या भागात जिकडे पाहावं तिकडे नुसती कपाशी, आणि कपाशी फसली की घरात दुसरं काहीच नसायचं. पाऊस यायचा तोही माती खरवडून नाल्यात घेऊन जायचा. कांताबाई तशाच एका शिबिराला जाऊन आली आणि नवऱ्याला म्हणाली, “आपली माती आपल्याच वावरात राह्यली पाह्यजे. बाकीचं मंग पाहू.”

उकंडानं वेळू निवडले, घासले, बांधले. मला दोन दगडांवर उभं करून दोरी कुठे येते ती खूण केली. मग माझे पाय अदलाबदल करून पुन्हा खूण केली आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये चाकूनं रेघ पाडली. “आता हे खोटं बोलनार नाई,” तो म्हणाला. मला किती अभिमान वाटला होता!

त्या उन्हाळ्यात दोन चर झाले. मागचा पाय कांताबाईनं धरायचा, पुढचा उकंडानं, आणि दोघांनी उचलून मला एक पाऊल पुढे ठेवायचं. चरांच्या बांधावर त्यांनी तूर, एरंडी आणि शेवगा लावला. कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या जाळायच्या सोडून तुकडे करून जमिनीवर पांघरल्या. घराच्या मोरीचं पाणी केळीच्या आळ्यात वळवलं. दुसऱ्या वर्षी शेजारची रानं भेगाळली, तेव्हा आमच्या बांधावरच्या तुरीला फुलं होती. लोक पाहायला येत. उकंडा माझ्या पट्टीवर थाप मारून सांगे, “सारं या घोडीचं काम हाये.”

पण काम संपलं की मला कोण विचारणार? कांताबाईनं मला परसबागेत वालाच्या वेलाला आधार म्हणून उभं केलं. माझा मागचा पाय शेणखताच्या ओल्या ढिगात रुतला. आधी तो मऊ पडला, मग त्याला उधई, म्हणजे वाळवी, लागली. रोज थोडं थोडं टोक गळत होतं. करंगळीच्या नखाएवढा माझा पाय आखूड झाला. मला कळत होतं, मित्रांनो, पण मला तोंड कुठे आहे?

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात उकंडानं मला तिथून उपटलं. तिसरा चर आखायचा होता, सर्वांत लांब आणि सर्वांत खालचा. त्याच्या खाली विठ्ठलरावांचं शेत होतं आणि चराच्या शेवटच्या टोकाखाली त्यांचा सालदार, म्हणजे सालगडी, धावजी याची मातीच्या भिंतींची खोपडी. खोपडीच्या पलीकडे नाला होता. विठ्ठलराव बांधावर येऊन म्हणाले, “उकंडा, एवढं पानी तू माह्या डोक्यावर अडवून राह्यला. फुटलं तर?”

“नाई फुटत, भाऊ. पातळीत हाये. घोडीनं आखलं.”

दोरी रेघेवर येत होती आणि मी खोटं बोलत होते. एका पावलाला नखभर चूक. चाळीस पावलांत ती हातभर झाली. चर दिसायला सरळ होता, पण हळूहळू खोपडीच्या बाजूला उतरत गेला होता. प्रत्येक खुंटी ठोकली जाताना मला वाटे, कुणीतरी खाली वाकून माझा पाय पाहील. कुणी पाहिला नाही. मला पुन्हा वालाच्या वेलाखाली उभं केलं गेलं.

जुलैत एक बेताचा पाऊस झाला. उकंडाचा मुलगा शहरात कामाला होता; त्याच्याशी लग्न होऊन त्या घरात नुकतीच सून म्हणून आलेली दीपमाला चर पाहून आली आणि जेवताना सासऱ्याला म्हणाली, “मामाजी, चराचं एक टोक कोरडं हाये आन् दुसऱ्या टोकाले गुडघाभर पानी. चर ढळला वाट्टे.”

उकंडाचा घास हातातच राहिला. “दोन वर्षं झाले ह्या घोडीले. तू येऊन महिने किती झाले?”

दीपमालानं ताट उचललं. कांताबाईनं उकंडाला भाकरी वाढली. त्या घरात मग बरेच दिवस चराचा विषय निघाला नाही. मी मात्र रोज आभाळाकडे पाहत होते.

ऑगस्टमधल्या एका सकाळी टेकडीमागून काळं आभाळ चढलं. उकंडा घाटंजीच्या बाजाराला गेला होता. वारा असा सुटला की वालाचा मांडव फडफडू लागला. दीपमाला अंगणातून धावत आली, तिनं माझ्यावरचे वेल ओढून काढले आणि मला दोन दगडांवर उभं केलं. दोरी रेघेवर येईल असे दगड सरकवले. मग माझे पाय अदलाबदल केले. दोरी रेघेपासून बोटभर दूर जाऊन थांबली.

“आत्याबाई! इकडं या!” तिनं सासूला हाक मारली.

कांताबाईनं पाहिलं, खाली बसून माझा पाय चाचपला आणि तिच्या हाताला भुगा लागला. ती उठली. “टिकास घे. फावडं घे,” एवढंच म्हणाली.

दीपमालानं उकंडाची तुटकी चप्पल शोधली. तिच्या टाचेचा तुकडा कापून माझ्या आखूड पायाला खिळ्यानं ठोकला. पुन्हा उलटसुलट करून पाहिलं. दोरी रेघेवर आली, तेव्हा पहिला थेंब माझ्या पट्टीवर पडला.

रानात पोचलो तोवर पाऊस कोसळत होता. सगळ्या उताराचं पाणी चरात उतरून खोपडीच्या टोकाकडे पळत होतं. बांध तिथे वीतभरच वर उरला होता. धावजी बैल चारायला गेला होता. खोपडीत त्याची बायको रामीबाई होती आणि तिच्या कुशीत पंधरा दिवसांचं लेकरू.

“रामीबाई, बाहेर ये वं! वरच्या कडूंबाखाली जाय!” कांताबाई ओरडली.

“लेकरू भिजते ना! ताप हाये त्याले!” खोपडीतून आवाज आला.

तेवढ्यात डोक्यावर पोतं घेतलेले विठ्ठलराव चिखल तुडवत आले. रागानं त्यांचा आवाज फाटत होता. “म्या सांगतलं होतं! आत्ताच्या आत्ता फोडा हे!”

“इथी फोडला त सारं पानी खोपडीवर जाईन, भाऊ,” दीपमाला म्हणाली. “नाल्याच्या अंगानं सांडवा काढू. अन् मंधात आडवे बांध घालू, म्हंजे पानी पळनार नाई.”

“कोनत्या जागी? कोन सांगन?”

“घोडी सांगन.”

“हे खोटी घोडी?”

“खोटी होती,” दीपमाला म्हणाली. “आता तिच्या पायात चप्पल हाये.”

विठ्ठलरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे. डोक्यावरचं पोतं काढून ते खोपडीत शिरले आणि त्या पोत्याखाली लेकराला झाकून रामीबाईला बाहेर घेऊन आले. ती कडूनिंबाकडे चालू लागली, तसं त्यांनी कांताबाईच्या हातातलं फावडं घेतलं.

आता सगळं माझ्यावर होतं. पण वाऱ्यानं दगड झुलत होता. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. दोरी थांबेना. खाली बांधाची माती ढेकळाढेकळानं सुटत होती. कांताबाई माझ्यासमोर वाऱ्याच्या तोंडाशी उभी राहिली आणि दोन्ही हातांनी लुगड्याचा पदर ताणून धरला. पदराच्या आडोशाला दगड हळूहळू शांत झाला. दोरी रेघेवर आली.

“इथी!”

विठ्ठलरावांनी फावडं मारलं. मला उचललं, पुढे ठेवलं, पुन्हा पदर, पुन्हा थांबणं. त्या रेषेनं त्यांनी नाल्याच्या बाजूला वाट कापली, दगड रचले. कांताबाई आणि दीपमाला चरात कमरेइतक्या पाण्यात उतरून ढेकळांचे आडवे बांध घालत होत्या. पहिला वाहून गेला. दुसरा टिकला. तिसऱ्यानंतर पाणी थबकलं आणि सांडव्यातून नाल्याकडे वळलं.

तरी टोकाचा बांध थोडा फुटलाच. खोपडीची मागची भिंत बसली, विठ्ठलरावांच्या कपाशीच्या पंधरा-वीस ओळी झोपल्या. पण कडूनिंबाखाली रामीबाईचं लेकरू मोठ्यानं रडत होतं, आणि तो आवाज ऐकून कांताबाईनं ओला पदर पिळला.

दुपारी उकंडा एसटीनं परतला. त्यानं फुटका बांध पाहिला आणि मग मला पाहिलं. माझ्या पायाला त्याचीच चप्पल! त्यानं खाली वाकून तो पाय चाचपला. सुनेसमोर मान वर करायला त्याला जड जात होतं.

“दीपमाला,” शेवटी तो म्हणाला, “चुकलं माह्यं. तुवं ऐकाले पाह्यजे होतं.”

पाऊस ओसरल्यावर त्यानं आणि विठ्ठलरावांनी मिळून खोपडीची भिंत उभी केली. पुढच्या उन्हाळ्यात तिसरा चर नव्यानं आखला गेला. मागचा पाय उकंडानं धरला, पुढचा दीपमालानं, आणि दोरी पाहायचं काम तिचं. मग विठ्ठलराव आले. त्यांना कपाशीच्या मधोमध दोन चर हवे होते. मला खांद्यावर टाकून तेच घेऊन गेले.

आता मी म्हातारी झाले आहे. माझ्या जागी नवी घोडी आली आहे. मला कुणी फेकलं नाही, पडवीतल्या आढ्याला कोरड्यात टांगून ठेवलं आहे. इथून परसबाग दिसते, केळीचे घड दिसतात.

मित्रांनो, अवजाराची वाहवा केलीत तर त्याला बरं वाटतं. पण काम झाल्यावर त्याला पुसून कोरड्यात ठेवा. आणि घरातलं कुणी नवखं, कुणी लहान माणूस तुम्हाला म्हणालं, की इथे काहीतरी चुकतंय, तर रागावू नका. त्याच्यासोबत उठा आणि एकदा वाकून पाहून या.