न झोपलेली अस्वलीण

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर विजयमाला बरेच दिवस कॉटवर पडून होत्या. वेळ जावा म्हणून सून शिवांजलीनं त्यांच्या हातात जुना फोन दिला. एका दुपारी बोट कुठंतरी लागलं आणि पुढ्यात एक रशियन चित्रपट सुरू झाला. सोव्हिएत काळातला, हातानं काढलेला, जेमतेम दहा मिनिटांचा. हिवाळा येतो, रानातली सगळी अस्वलं झोपायला जातात आणि एक अस्वलीण तेवढी झोपायला जात नाही. तिला बर्फ बघायचा असतो. एवढीच गोष्ट.

चित्रपटात कुणी बोलत नव्हतं. सगळं रान तिच्यावर ओरडायचं तेव्हा पन्नास वाद्यं एकदम अंगावर यायची. ती एकटी चालायची तेव्हा एकच क्लॅरनेट उरायचं, दबकं, पण मागं न फिरणारं. विजयमालांनी तो त्याच दुपारी पुन्हा पुन्हा लावला.

"ह्ये हाताचं काम हाय गं," त्या शिवांजलीला म्हणाल्या. "रेघ बघ कशी थरथरती. वाकळंचा टाका सरळ घालाय गेलं तरी हलतोय, तसं. कुणीतरी बसून काढलंय एकेक."

मग त्यांना नादच लागला. बाहुल्यांचे, कागद कापून केलेले, काचेवर रंग सारून केलेले, असे कितीतरी छोटे चित्रपट त्यांनी शोधले. भाषा कळत नव्हती, पण सूर कळत होते. कुठं वाद्य रडतंय, कुठं थट्टा करतंय, ते त्या डोळे मिटूनही सांगायच्या. शेजारच्या शालूबाईंना ते बघवेना.

"आवं आक्का, या वयात कारटून? हरिपाठ लावा की."

"हरिपाठ मला तोंडपाठ हाय, शालूबाई. ह्ये न्हाई अजून."

मुलगा पृथ्वीराज आधी हसला, मग वैतागला. त्याला साखर कारखान्याच्या निवडणुकीत संचालक म्हणून उभं राहायचं होतं आणि आई दारात बसून फोनवरचं अस्वल बघते हे कुंडल गावभर झालं होतं. त्यानं आईची एकसष्टी धरायची ठरवली. मंगल कार्यालय, मोठा एलईडी पडदा, कारखान्याचं पॅनेल ठरवणाऱ्या साहेबांच्या हस्ते सत्कार, साहेबांचं भाषण.

"एकसष्टी माजी हाय न्हवं?" विजयमालांनी विचारलं.

"मग कुणाची?"

"मग त्या पडद्यावर माजी अस्वलीण लावायची. दहा मिनटं. आन् म्होरं बसून मोहिद्दीन मास्तरांनी वाजवायचं."

"आई, लोक हसतील!"

"हसूं देत. माज्या लग्नात मला इचारलं न्हवतं, तुज्या बारशाला इचारलं न्हवतं. ह्या टायमाला मी सांगणार."

मोहिद्दीन मास्तर इस्लामपूरचे. त्यांच्या बँडचं क्लॅरनेट तालुक्यात माहीत होतं, पण डीजे आल्यापासून सुपाऱ्या आटल्या होत्या. विजयमाला एसटी धरून, काठी टेकत त्यांच्या घरी गेल्या, फोन पुढं ठेवला. मास्तरांनी शेवटपर्यंत ऐकलं, आणि पुन्हा लावायला सांगितलं.

"वैनी, ह्यो माणूस श्वास कुठं घेतोय तेच कळंना," ते म्हणाले. "लय अवघड हाय. पर सोडायचं न्हाई ह्ये."

एकसष्टीच्या सकाळी कार्यालय भरलं. साहेब आले, हार पडले. विजयमालांनी सूत्रसंचालकाच्या हातातला माइक घेतला आणि पडदेवाल्याला म्हणाल्या, "लाव रं."

पडद्यावर रान उजळलं. फोनवर वीतभर दिसणारी अस्वलीण आता भिंतीएवढी झाली. आवाज बंद होता. खाली मास्तरांनी सूर लावला आणि कुजबुज थांबली. पुढच्या रांगेत साहेबांनी मात्र दोनदा घड्याळ पाहिलं. पृथ्वीराजनं पडदेवाल्याला खूण केली. अस्वलीण नदीवर पाय ठेवणार तोच चित्र गेलं आणि तिथं साहेबांचा हात जोडलेला फोटो आला.

क्लॅरनेट थांबलं. मास्तरांनी वर पाहिलं.

"मास्तर, थांबू नगा," विजयमाला माइकवरून म्हणाल्या. "चित्र त्यांनी बंद केलंय, सूर न्हाई."

मास्तरांनी पुन्हा ओठाला लावलं. साहेबांच्या फोटोखाली उभं राहून विजयमाला पुढची गोष्ट सांगू लागल्या. नदी गोठलीया. समदे झोपल्यात. हिला भ्या वाटतंय, पर पाय उचललाय. बर्फ कराकरा वाजतोय, ऐका. त्या बोलायच्या थांबल्या की क्लॅरनेट बोलायचं. बायका पुढं सरकल्या. शिवांजली पदर खोचून उठली, नवऱ्यासमोरून सरळ पडदेवाल्याकडं गेली.

"लाव पयल्यासारकं. आत्याबाईंचा दिस हाय आज."

चित्र परत आलं तेव्हा अस्वलीण एकटीच बर्फावर नाचत होती. मागच्या रांगेतून टाळी पडली, मग बऱ्याच पडल्या. काहींनी मात्र तोंडं वाकडी केली. साहेब भाषण न करताच उठून गेले आणि त्यांच्यामागं निम्मं कार्यालय.

काही दिवसांनी साहेबांच्या पॅनेलची नावं जाहीर झाली. त्यात पृथ्वीराज नव्हता. तो घरी येऊन म्हणाला, "आई, तुझ्या अस्वलापायी माझं तिकीट गेलं."

विजयमालांना वाईट वाटलं. लेक किती दिवस त्यासाठी पळत होता हे त्यांनी बघितलं होतं. पण त्या मागं सरल्या नाहीत.

"अस्वलानं न्हाई कापलं, बाळा. धा मिनटं ज्याला दुसऱ्याचं बघवलं न्हाई, त्यानं कापलं."

"चल, एकदा साहेबांकडं जाऊन येऊ. नारळ देऊ. चुकलं म्हण."

"काय चुकलं, त्ये सांग आदी."

तो उठून शेतात गेला. आठवडाभर मायलेक एकमेकांशी कामापुरतंच बोलले.

शनिवारी मास्तर क्लॅरनेट घेऊन आपणहून आले. बाहुल्यांच्या एका चित्रपटाची चाल त्यांनी बसवली होती. शिवांजलीनं ओसरीवर पांढरी चादर बांधली. शालूबाई "जरा बघून जाती" म्हणत आल्या आणि बसल्या. त्यानंतर दर शनिवारी बायका जमू लागल्या.

शनिवारच्या गर्दीची खबर साहेबांपर्यंत पोचली आणि दिवाळीच्या तोंडावर त्यांचा माणूस दारात आला. आक्कांनी एकदा येऊन भेटावं, झालं गेलं विसरू, असा निरोप होता. पृथ्वीराज आईच्या तोंडाकडं बघत राहिला.

"सायबास्नी म्हणावं," विजयमाला म्हणाल्या, "शनवारी आमच्यात नवं चित्र हाय. यायचं तर या. खुर्ची न्हाई, सतरंजी हाय. आन् भाषण न्हाई."