तीन नावांची जागा

मी एक गाणं बोलतोय.

मिनोरी कॅनडाहून जपानमधल्या आपल्या गावी परतली तेव्हा तिला वाटलं होतं, इथे मी गर्जत असेन. बारा वर्षं परक्या शाळांमध्ये तिने मला कानाला लावून काढली होती. तिकडच्या मैत्रिणींना ती छाती फुगवून सांगायची, "हे आमच्या गावाचं गाणं. पोलाद कारखान्याला जाब विचारणारं!" आणि गावातल्या पहिल्याच संध्याकाळी, पाचाच्या ठोक्याला, खांबावरच्या भोंग्यातून मी तिला भेटलो. शब्द नाहीत, गिटार नाही, नुसती घंट्यांची गोड किणकिण. नगरपालिका मला रोज पाचला वाजवते. मी वाजलो की मुलांनी खेळ आवरून घरी जायचं.

मिनोरी रस्त्यातच थांबली. मला माझीच लाज वाटली.

असा नव्हतो हो मी. कारखान्यामागच्या एका गोदामात माझा जन्म झाला. 'कानाबो' या बँडमधले तिघेही भट्टीवरचे कामगार. त्या वर्षी भट्टी फुटली आणि दुसऱ्या पाळीतली तीन माणसं गेली. हेइसाकु, तोराजी, गेन्गो. चौकशीच्या कागदावर लिहिलं गेलं, 'कामगारांचा निष्काळजीपणा'. तो कागद वाचून बँडमधल्या तोकिमासाने गिटार उचलली आणि मी बाहेर पडलो, घणासारखा. माझ्या मध्यावर सगळी वाद्यं थांबत. तोकिमासा एक नाव ओरडे, ढोलावर एक ठोका पडे. मग दुसरं नाव, मग तिसरं. बाकी सगळा मी त्या तीन ठोक्यांसाठीच होतो.

तोक्योहून रेकॉर्ड कंपनीचा माणूस आला. मी त्याला फार आवडलो. "फक्त त्या नावांना घरच्यांची संमती घ्या," एवढंच तो म्हणाला.

तोकिमासा मिठाईचा डबा घेऊन हेइसाकुच्या घरी गेला. हेइसाकुची बायको सुए दारात आली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "नको, आमच्यामुळे तुम्हाला अवघड व्हायला नको." तोकिमासानेही वाकून नमस्कार केला आणि तो परत फिरला. पुढच्या दोन घरांत तो गेलाच नाही. त्यांना कशाला संकोचात टाकायचं?

नावांच्या जागी 'ओ, ओ, ओ' आलं. आणि काय सांगू, त्यामुळेच मी गाजलो. लोकांना माझं दुसरं काही पाठ नसतं, पण ती जागा आली की हजारो मुठी वर जातात आणि सगळे आनंदाने ओरडतात. शाळांच्या बेसबॉल सामन्यांत तेवढाच तुकडा वाजतो. तीन माणसं जळाली त्या जागेवर तेहतीस वर्षं लोक नाचताहेत.

आता गावाने बंदरावर माझं शिल्प बसवायचं ठरवलंय. काळा दगड, त्यावर तोकिमासाच्या हस्ताक्षरात माझे शब्द. बटण दाबलं की मी वाजणार. त्यासाठी नेमलेल्या समितीत मिनोरी कामाला लागली होती. मजकूर आणायला ती तोकिमासाच्या दुकानात गेली. तो आता डुकराच्या मांसाचे आणि कांद्याचे तुकडे काड्यांना टोचून निखाऱ्यावर भाजतो. मी त्याच्या जुन्या रेडिओत हळू आवाजात चालू होतो.

कागद बघून मिनोरी म्हणाली, "काका, दगडावर 'ओ, ओ, ओ' कोरायचं?"

"लोक तेच गातात."

"मला नेहमी वाटायचं, ही लढाईची आरोळी आहे."

तोकिमासाने काडी उलटी केली. "आरोळी कसली. तिथे तुझ्या आजोबांचं नाव होतं."

मिनोरीच्या हातातला कागद चुरगळला. "कुणी काढलं? कारखान्याने?"

"कारखान्याला काही करावंच लागलं नाही, पोरी. तुझी आजी नको म्हणाली."

"आणि तुम्ही ऐकलंत?"

"मग काय करणार? विधवा बाईशी वाद घालू?" तो निखाऱ्याकडे बघत म्हणाला. "उद्या नऊ वाजता पाथरवट तिसरं कडवं, ते 'ओ, ओ, ओ'चं, कोरायला घेतोय. कागद नीट कर."

मिनोरी तशीच आजीकडे गेली. सुए तांदूळ धूत होती. तेवढ्यात पाच वाजले आणि बाहेरच्या खांबावर मी किणकिणू लागलो. ती जागा आली. तांदळातला सुएचा हात थांबला आणि ओठ तीनदा हलले. रोज हलतात. या गावात मला पुरं गाणारी ती एकटीच आहे.

मिनोरीने ते पाहिलं. "आजी, तू तेव्हा नको का म्हणालीस?"

"पहिल्यांदा नकोच म्हणतात. चहासुद्धा आपण तिसऱ्या आग्रहाला घेतो." सुएने पाणी ओतलं. "तो परत विचारेल म्हणून मी आत जाऊन आधण ठेवलं. बाहेर येऊन बघते तर उंबऱ्यात तो नाही."

"मग नंतर सांगायचंस!"

"आपल्या माणसाचं नाव काय मागून घ्यायचं?"

मिनोरी पुढे सरकली. "मी उद्या कोरायला सांगते."

"नको बाई. आता कशाला लोकांना त्रास."

मिनोरी परदेशात शिकलेली. नाही म्हणजे नाही, हे तिथे तिने मनापासून गिरवलेलं. ती उठली. "ठीक आहे आजी. तुझ्या इच्छेचा मान राखते."

सुए तांदळाकडे बघतच म्हणाली, "तूही लगेच निघालीस?"

मिनोरी दारात थबकली.

तुम्ही कधी मला ऐकलंत आणि भोवतीचे सगळे मुठी उंचावून ओरडू लागले, तर तेवढी जागा गप्प राहा. एवढंच मागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मिनोरीने पाथरवटाला फोन केला, "तिसऱ्या कडव्याला हात लावू नका." मग मिठाईचं दुकान उघडायला लावलं आणि डबा घेऊन तोकिमासाचं दार वाजवलं. तो कांदे सोलत होता.

"काका, बूट घाला. आजीकडे जायचंय. अजून दोनदा विचारायचं राहिलंय."

"ती परत नको म्हणेल."

"म्हणेलच. तुम्ही मात्र निघायचं नाही."

तोकिमासाने हात पुसले, खूप वेळ पुसले. "आणि तोराजी, गेन्गो? ती घरं कधीच ओस पडली. तिथे आता नको म्हणायलाही कुणी नाही."

"तिथेही जायचं," मिनोरी म्हणाली. "दारात उभं राहायचं आणि तीनदा विचारायचं."