टाळ्यांची तालीम

क्रीडादिनाला पहिलीच्या मुलांनी कोणत्या गाण्यावर मैदानात चालत यायचं, यावरून माझं आणि कवायतीच्या सरांचं दरवर्षी वाजतं. सरांच्या मते गाणं म्हणजे आवाज. स्पीकर असा लावायचा की शेजारच्या इमारतीच्या खिडक्या थरथरल्या पाहिजेत. मी संगीताची बाई, माझं त्याने डोकं उठतं.

यंदा मात्र भांडणाला खरंच कारण होतं. पहिलीतल्या एका मुलीला घरी ठमी म्हणत, म्हणून आम्हीही ठमीच म्हणायचो. तालमीत स्पीकर सुरू झाला की ठमी कानांवर हात ठेवून जिन्याखाली जाऊन बसे, आणि तिला बाहेर काढता काढता आमच्या नाकी नऊ येत. शेवटी तिची आईच येऊन सांगून गेली की त्या दिवशी ठमीला घरीच ठेवते.

"तिच्या वाढदिवसालासुद्धा आम्ही टाळ्या वाजवत नाही, बाई," ती म्हणाली. "सवय झालीय आता."

सवय झालीय म्हणाली, पण चेहरा उतरला होता. मला वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की आधी राग येतो. सगळा वर्ग चालणार आणि ही एकटी घरी, हे मी होऊ देणार नव्हते. यंदाचं गाणं मीच निवडणार, असं मोठ्या बाईंना ठणकावून आले. सरांनी तोंड फुगवलं.

आधी मी बासरीची मंद धून आणली. निम्मी मुलं रेंगाळली, एक मुलगा तर चक्क मैदानात बसून बुटाची नाडी सोडायला लागला. आणि ठमी? स्पीकरमधून बासरी उमटली तशी जिन्याखाली. सर स्पीकरची वायर गुंडाळायला लागले. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्याच दुपारी वर्गात डबा खाताना ठमी झाकण बाकावर आपटत बसली होती. धाड, धाड, धाड. शेजारणीने वैतागून कान झाकले, ही आपली मजेत. माझा घास हातातच राहिला. या पोरीला आवाजाची भीती नव्हतीच. आवाज कधी येणार हे ठाऊक नसण्याची होती.

मग बासरी गेली आणि स्पीकरही गेला. एकसारख्या ठोक्याचं, मुलांनीच गायचं एक साधं गाणं निवडलं आणि बँडच्या खोलीतला मोठा ड्रम ठमीपुढे ठेवला. तिने वाजवलं की गाणं सुरू, तिने थांबवलं की बंद. ड्रम पोरीपेक्षा मोठा आहे, असं सर म्हणाले. होताच. ठमी मात्र पुन्हा जिन्याखाली गेली नाही. तिच्या आईला मी निरोप धाडला: घेऊन या, नाहीच जमलं तर लगेच घरी न्या.

आई आली, पण खुर्चीच्या टोकावर, ठमीचं दप्तर मांडीवर घेऊन बसली.

ठमीने ड्रम वाजवला. मुलं गात निघाली, पावलं जुळली, आणि पालकांना इतका आनंद झाला की त्यांनी एकदम टाळ्यांचा कडकडाट केला.

टाळ्यांची तालीम आम्ही केलीच नव्हती. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

ठमीचे हात काठ्यांसकट कानांवर गेले. गाणं थांबलं, रांग थांबली. तिची आई दप्तर खांद्याला लावून उठली. घरी सुखात असती पोर, मीच हट्टाने तिला इथे आणून उभी केली होती.

टाळ्या विरल्या. ठमीने एक हात कानावरून काढला आणि रागाने ड्रमवर दणका दिला. त्याच ठोक्याला पालकांसमोर उभ्या असलेल्या सरांनी टाळी वाजवली. एकच. ठमीने त्यांच्याकडे पाहिलं आणि दुसरा दणका दिला. या वेळी सरांबरोबर पुढच्या रांगेचीही टाळी पडली. तिसऱ्याला सगळ्या मैदानाची. मग तिने काठी हवेतच धरून ठेवली. कोणी वाजवेना. तिने सगळ्यांना चांगलं ताटकळत ठेवलं, आणि खुदकन हसली.

दणका. टाळी. मुलं गात पुढे निघाली.

तिची आई उभीच होती. दप्तर खाली ठेवायचंही भान तिला नव्हतं. ती लेकीसाठी टाळ्या वाजवत होती आणि रडत होती, त्यामुळे तिची टाळी दर वेळी सगळ्यांच्या मागून पडत होती. एरवी मी डोळे वटारले असते.